परीक्षकांची कठोरता आणि सरासरीचा आधार

एकाच उत्तरपत्रिकेला दोन अनुभवी परीक्षक वेगवेगळे गुण देतात हे सर्वमान्य असले, तरी या तफावतीचे काय करावे याविषयी दोन मते आग्रहाने मांडली जातात. निबंधाचे मूल्यमापन हा रसज्ञतेचा विषय असल्याने तेथे गणिताला वाव नाही, हे पहिले. आणि कडक व सढळ परीक्षक सर्वांच्याच वाट्याला येत असल्याने अखेरीस समतोल साधतो, हे दुसरे. ही दोन्ही मते टिकणारी नाहीत.

पहिल्या मताला फ्रान्सिस एजवर्थ या इंग्लंडमधील संख्याशास्त्रज्ञाने 1888 मध्येच उत्तर दिले. खगोलीय निरीक्षणांतील चुकांचे गणित त्याने परीक्षेच्या गुणांना लावले आणि अनेक जाणत्या परीक्षकांच्या मतांची सरासरी हाच खरा गुण मानला. म्हणजे रसज्ञांचा निर्णय त्याने प्रमाणच धरला, फक्त एकट्यादुकट्याच्या निर्णयातील चूक मोजण्याजोगी ठरवली. दुसरे मत अधिक घातक आहे, कारण समतोल साधतो तो हजारो विद्यार्थ्यांच्या सरासरीत. ज्याची उत्तरपत्रिका एकाच कडक परीक्षकाकडे गेली आणि जो काठावर नापास झाला, त्याची भरपाई दुसऱ्याला मिळालेल्या वाढीव गुणांनी होत नाही.

यावर प्रत्येक परीक्षकाच्या गुणांची सरासरी व विस्तार एकाच पातळीवर आणण्याचा उपाय सुचवला जातो. उत्तर प्रदेश लोकसेवा आयोगाच्या प्रकरणात 2007 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकाच विषयाच्या परीक्षकांमधील तफावतीसाठी असे प्रमाणीकरण अयोग्य ठरवून नियमनाची, म्हणजे मुख्य परीक्षकाने नमुना उत्तरपत्रिका तपासून गुण जुळवण्याची, पद्धत योग्य मानली. हा निर्णय रास्तच होता. मात्र त्यातून संख्याशास्त्राचा पराभव वाचणे चूक आहे. सरासरी जुळवणारे सूत्र सर्व गठ्ठ्यांतील विद्यार्थी सारख्याच कुवतीचे असल्याचे गृहीत धरते, आणि दोष त्या गृहीतकात आहे.

हे गृहीतक टाळणारे प्रतिमान, म्हणजे गुण कसे पडतात याची गणिती मांडणी, उपलब्ध आहे. डेन्मार्कच्या गेओर्ग राश याच्या 1960 मधील मांडणीत विद्यार्थ्याची क्षमता आणि प्रश्नाची काठिण्यपातळी या दोनच राशी होत्या. जॉन मायकेल लिनेकर याने 1989 मध्ये त्यात परीक्षकाची कठोरता ही तिसरी राशी घातली. क्षमतेतून काठिण्य व कठोरता वजा केल्यावर जे उरते, त्यावर विशिष्ट गुण मिळण्याची शक्यता ठरते. त्यासाठी काही उत्तरपत्रिका एकाहून अधिक परीक्षकांनी तपासलेल्या असणे अत्यावश्यक आहे, कारण अशा सामाईक दुव्यांशिवाय एखाद्या गठ्ठ्याचे कमी गुण परीक्षकाच्या कडकपणामुळे पडले की विद्यार्थ्यांच्या कुवतीमुळे, हे कोणत्याही गणिताला सांगता येणार नाही. नियमनात नमुना उत्तरपत्रिका पुन्हा तपासल्या जातातच. त्यांची निवड विचारपूर्वक केली, तर हे दुवे तेथेच मिळतात.

या मांडणीचा सर्वांत मोठा लाभ असा की ती मतभेदांचे प्रकार वेगळे करते. सातत्याने कडक असणाऱ्याचे गुण दुरुस्त करता येतात. सर्वांना मधलेच गुण देणारा ओळखता येतो. पण ज्याच्या गुणदानात सुसंगतीच नाही, त्याच्या आकड्यांना कोणतेही सूत्र सावरू शकत नाही आणि त्याचा संपूर्ण गठ्ठा दुसऱ्या परीक्षकाकडून नव्याने तपासून घेणे भाग असते.