दारातले जुने झाड : ठेवावे की तोडावे?



पावसाळा तोंडावर आला की बाळकुमसारख्या जुन्या गावठाणात, ज्या घराला थोडे परस आहे तिथे एकच वाद सुरू होतो. सासूबाई म्हणतात, "हे झाड मामंजींच्या हातचं आहे." मुलगा म्हणतो, "पत्र्यावर पडलं तर?" दोघांचेही खरे आहे. पत्र्याच्या घरात मे महिन्यात पंख्यापेक्षा झाडाची सावलीच जास्त उपयोगी पडते. पण त्याच पत्र्याखाली आपली मुले झोपतात.

म्हणून झाड किती मोठे आहे यापेक्षा ते किती धड आहे, हे आधी पाहावे. बुंध्याशी अळंबी उगवली असेल, ढोली पडली असेल, ठोकल्यावर पोकळ आवाज येत असेल, तर आतून कूज लागल्याची शंका घ्यावी. लहानपणापासून वाकडे वाढलेले झाड बहुधा मुळे घट्ट धरून असते. पण सरळ झाड एकाएकी कलले आणि बुंध्याजवळची माती फुगली किंवा भेगाळली, तर दिवस घालवू नका. आंबा, चिंच सहसा टिकाव धरतात. गुलमोहोराची मुळे वरवर पसरतात आणि लाकूड ठिसूळ असते. शेवग्याच्या फांद्याही चटकन मोडतात.

अंगण स्वच्छ राहावे म्हणून आपण बुंध्यापर्यंत लादी बसवतो. त्यामुळे मुळांना हवा-पाणी मिळत नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली दिल्लीत झाडांभोवती एक मीटर जागा सिमेंटविना ठेवण्याचा आदेश दिला, तो याच कारणासाठी. आपणही तेवढी लादी काढावी.

पुष्कळदा झाड तोडण्याची गरजच नसते. वाळलेल्या आणि छपरावर आलेल्या फांद्या पावसाआधी छाटल्या की पुरते. मात्र एकाच बाजूने छाटू नये, तोल जातो. शेंडाही उडवू नये. तिथून फुटणारे नवे धुमारे कच्चे असतात. जवळून विजेची तार जात असेल तर घरच्या माणसाने झाडावर चढू नये.

जागा आपली असली तरी परवानगी लागते. १९७५ च्या महाराष्ट्र झाडे संरक्षण कायद्यानुसार ठाणे महानगरपालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज करावा. छाटणीसाठीही आधी विचारावे. झाडापासून जिवाला किंवा घराला धोका आहे असे प्राधिकरणाला पटले, तर परवानगी नाकारू नये, असे कायदाच सांगतो. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरील झाडाला वारसा वृक्ष मानले आहे. म्हणून अर्जात झाडाचे अंदाजे वय लिहा, फोटो जोडा आणि अर्जाची पोच घ्या. स्वस्तात तोडून देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका.

भिंतीत उगवलेल्या पिंपळाला हात लावायला आपले मन धजत नाही, कारण तो बोधिवृक्ष. पण भिंत फुटेपर्यंत थांबणे म्हणजे श्रद्धा नव्हे. रोप कोवळे असतानाच मुळासकट काढून मोकळ्या जागेत लावावे.

घरातल्या सर्वांनी, सुनेने आणि मुलांनीही, एकदा झाडाभोवती फिरून नीट पाहावे आणि मग ठरवावे. झाड धड असेल तर शेजाऱ्याच्या भीतीपोटी तोडू नका. धोक्याचे असेल तर आठवणीपोटी ठेवू नका. तोडावेच लागले, तर त्याच पावसात घरापासून थोडे दूर दुसरे लावा. त्याची सावली नातवंडांना मिळेल.