लढाईच्या वर्षांची गोधडी

मंडळी, गोधडी सध्या सॉलिड 'इन' आहे. मलाही हवी होती, पण एकदम अस्सल. आजीने दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत शिवली तशी. बाजारातून जुन्या छापाचं पाच मीटर कोरं कापड आणि मऊ पांढरा भराव उचलला आणि विकेण्डला आगरदांड्याला आत्याकडे धडकले. दिघीच्या जंगरीचा भोंगा तिच्या ओटीवर ऐकू येतो.

आत्याने पिशवी उघडली आणि हसतच सुटली. ''लढाईत गोधडीला कोरं कापड? अगं, अंगावर घालायला मिळत नव्हतं!''

खरंच होतं. गिरण्या लष्कराचं कापड विणत होत्या, बाजारात टंचाई आणि काळाबाजार. 1943 साली सरकारने कापड आणि सुतावर कंट्रोल आणला. तेव्हा 'काय छान दिसेल' हा प्रश्नच नव्हता. 'काय उरलंय' एवढाच फंडा.

तर आत्याची यादी. वरच्या थराला जुनं सुती लुगडं किंवा धोतर. कापड उजेडासमोर धरायचं. फार विरलं असेल तर ते आतल्या थरात. वेगळा भराव नाहीच, जुन्या कापडाचेच थर. दोरा सुती, कारण नायलॉनचा दोरा जुनं कापड कापतो. कडेपासून आत धावदोरा घालत जायचं.

टेरिकॉट, पॉलिएस्टर बाद. आपल्याकडे ते आलं स्वातंत्र्यानंतर. ओळखायचं कसं? एक धागा चिमट्यात धरून काडी लावा. सुती धागा कागदासारखा जळून राख होते, पॉलिएस्टर वितळून कडक गोळी होते. माझ्या 'अस्सल' कापडाची छान गोळी झाली!

''मग वर काय लावू?'' मी विचारलं.

''वहिनीची साडी आहे ना तुझ्याकडे?''

आहे. आईची पिवळी सुती साडी. ती गेल्यापासून मी तिची घडी मोडलेली नाही. वास जाईल म्हणून.

''ती कापायची?''

''तुझ्या आजीने तरी कुणाची कापली? तिच्या आईचीच. कपाटात ठेवलीस तर कसरीची, पांघरलीस तर तुझी.''

परतताना मी काहीच बोलले नाही. काल साडी धुतली. आत्ता बाल्कनीत वाळतेय. कात्रीचं पुढच्या शनिवारी बघू.