पळायला परदेशात कशाला?

घरातला एखादा तरुण म्हणाला, ‘मला बर्लिनची मॅरेथॉन पळायची आहे,’ तर आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, ‘बक्षीस किती?’ बक्षीस नाही, उलट प्रवेश फी आपणच भरायची, असे कळले की दुसरा प्रश्न येतो, ‘मग जायचे कशाला?’ परदेशाचा प्रवास म्हणजे हज, उमराह, नाहीतर आखातातली नोकरी, एवढेच आपल्या बहुतेक घरांना माहीत. पळण्यासाठी विमानात बसणे अनेक वडीलधाऱ्यांना इस्राफ, म्हणजे उधळपट्टी वाटते. त्यांची शंका खोटी नाही. पण ‘नको’ म्हणण्यापूर्वी गोष्ट नीट समजून घेऊ या.

मॅरेथॉन म्हणजे 42 किलोमीटर 195 मीटर. साधारण नगरहून राहुरी गाठावी आणि त्यापुढेही थोडे पळावे, इतके हे अंतर.

या शर्यतीसाठी परदेशी जाण्याची आपल्याकडची सुरुवात शंभर वर्षांपूर्वीची आहे. 1919 साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धेत सर दोराबजी टाटांनी शेतकरी घरांतले काही तरुण अनवाणी पळताना पाहिले. त्यांची कुवत ओळखून टाटांनी स्वतः पैसे घातले, इतरांची मदतही मिळवली आणि 1920 च्या अँटवर्प ऑलिंपिकला चमू पाठवला. त्यात बेळगाव भागातले फडेप्पा चौगुले होते. संघाचे व्यवस्थापन एक पारशी आणि एक मुसलमान अशा दोघांनी पाहिले: सोहराब भूत आणि ए. एच. ए. फैजी. त्या वर्षीची मॅरेथॉन नेहमीपेक्षा लांब, 42.75 किलोमीटरची होती. चौगुले 2 तास 50 मिनिटे 45 सेकंदांत पोहोचले आणि त्यांचा 19 वा क्रमांक आला. पदक मिळाले नाही. तरीही त्यांना पाठवणे वाया गेले, असे आज कोण म्हणेल? गुण त्या तरुणाचा होता, पण त्याला बोटीवर चढवणारे हात दुसऱ्यांचे होते.

आता दीनच्या बाजूने पाहू. प्यारे नबी (स.) यांनी एका सफरीत हजरत आयशा (र.अ.) यांच्याशी धावण्याची शर्यत लावली होती, ही हदीस अबू दाऊदमध्ये आहे. पहिल्या वेळी त्या जिंकल्या आणि पुढे एकदा आपण (स.) जिंकलात. पळणे हा हलका छंद आहे आणि मुलींसाठी तर नाहीच, असे म्हणणाऱ्यांनी ही हदीस घरात वाचून दाखवावी. आम्ही शिक्षक दरवर्षी पाहतो. पाचवी-सहावीपर्यंत मुलांच्या पुढे पळणाऱ्या मुली आठवीत गेल्या की मैदानावर दिसेनाशा होतात.

आजचे उदाहरण सिफान हसनचे आहे. जन्म इथिओपियाचा. 2008 साली, वयाच्या पंधराव्या वर्षी ती निर्वासित म्हणून नेदरलँड्सला आली. तिथे नर्सिंग शिकता शिकता पळू लागली. 2023 ची लंडन मॅरेथॉन रमजान ईदच्या लगेच नंतर होती, म्हणजे सरावाचे शेवटचे आठवडे रमजानचे होते. तिने रोजे ठेवून सराव केला. शर्यतीत कंबर आखडली, मध्येच थांबून ताण द्यावा लागला, तरी तिने आयुष्यातली ती पहिलीच मॅरेथॉन जिंकली. 2024 साली पॅरिस ऑलिंपिकची मॅरेथॉनही तिने जिंकली आणि सुवर्णपदक घ्यायला ती हिजाब घालून उभी राहिली.

सगळेच सिफान होणार नाहीत. शहरांच्या मॅरेथॉनमध्ये पळणारे हजारो लोक दुकानदार, डॉक्टर, शिक्षक आणि गृहिणीच असतात. त्यांच्यात सामील व्हायचे तर दोन हिशोब आधी मांडावेत.

पहिला शरीराचा. फजरनंतरचा एक तास रोज मिळाला पाहिजे. नगरकरांना वाडिया पार्क आहे, भुईकोट किल्ल्याचा परिसर आहे. पाय तयार झाले की चांदबीबी महालाची चढण आहे. आधी डॉक्टरांना दाखवावे, मग पाच किलोमीटर, दहा, एकवीस असे महिनोन्महिने वाढवत जावे. जानेवारीत मुंबईची मॅरेथॉन असते. ती पूर्ण झाल्यावरच परदेशाचे नाव काढावे.

दुसरा पैशाचा. बर्लिन, लंडन, टोकियो इथे पळू इच्छिणारे इतके असतात की बहुतेकांची नावे सोडतीने निघतात. त्यामुळे वर्षभर आधी अर्ज करावा लागतो. मग व्हिसा, त्यासाठी बँकेचे कागद, प्रवास विमा, तिकीट, राहणे. शर्यतीचा नंबर घ्यायला स्वतः हजर राहावे लागते, म्हणून दोन-तीन दिवस आधीच पोहोचावे. हलाल जेवणाची चौकशी इथूनच करावी, बरोबर खजूर आणि चणे ठेवावेत. मुसाफिराला नमाजची कसर आहेच. पण आई-वडिलांची औषधे, मुलांची फी आणि देणेकऱ्यांचे पैसे यांतून हा खर्च काढू नये. कर्ज काढून तर मुळीच जाऊ नये. दरमहा वेगळे साठवावे. दोन वर्षे लागली तर लागू द्यावीत, तेवढीच तयारी पक्की होते.

ज्याच्याकडे गुण आहे आणि पैसा नाही, त्याचे काय? मशिदीसाठी, मदरशासाठी, निकाहासाठी आपली वस्ती वर्गणी काढते. एखाद्या होतकरू धावपटूच्या बुटांसाठी किंवा मुंबईच्या प्रवेश फीसाठी का काढू नये? हा पैसा जकातीत मिसळू नये. जकातीचे हक्कदार ठरलेले आहेत. ही मदत वेगळी, खुशीने दिलेली असावी.

म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांना आमची विनंती एवढीच आहे. मुलाने किंवा मुलीने परदेशी शर्यतीचे नाव काढले तर तिकिटाची चर्चा पुढे ठेवा. आधी पहाटेचा तास द्या, एक चांगला बूट घेऊन द्या आणि घरातल्या कोणीतरी सोबत चालायला जा. सहा महिने हे नेमाने चालले, तर ती हौस आहे की जिद्द, ते तुम्हालाच कळेल. जिद्द असेल तर पुढचा रस्ता अल्लाह दाखवील, इन्शाअल्लाह.