उरलेल्या पावडरीचा हिशेब

खुब्याचा सांधा बदलताना बसवला जाणारा टायटॅनियमचा कप आता अनेकदा थ्रीडी प्रिंटरवर तयार होतो. पिठासारखी बारीक धातूची पावडर पातळ थरात पसरायची, हवी तिथेच लेझरने वितळवायची आणि त्यावर पुढचा थर द्यायचा, अशी ही पद्धत. यातून कपाला बाहेरून हाडासारखी सच्छिद्र जाळी देता येते. रुग्णाचे हाड त्या जाळीत वाढते आणि कप घट्ट बसतो.

मात्र पसरलेल्या पावडरीपैकी थोडीच वितळते. उरलेली महागडी पावडर फेकून दिली, तर तो खर्च शेवटी रुग्णाच्याच बिलात येईल. म्हणून ती चाळून, ताज्या पावडरीत मिसळून पुन्हा वापरतात. यात गैर काही नाही. प्रश्न आहे तो किती वेळा आणि कोणत्या तपासणीनंतर, हा.

तापलेले टायटॅनियम ऑक्सिजन चटकन शोषते. यंत्रात आर्गॉन वायू भरला तरी किंचित ऑक्सिजन उरतोच. हाताळताना पावडरीला दमटपणाही लागतो. फेरीगणिक हे प्रमाण वाढत जाते. त्यामुळे धातू कठीण होतो, पण ठिसूळही होतो. म्हणूनच शरीरात बसवण्यासाठीच्या शुद्ध प्रतीच्या टायटॅनियम मिश्रधातूत ऑक्सिजनची कमाल मर्यादा ०.१३ टक्के आहे. चाळणीने गुठळ्या अडतात, ऑक्सिजन अडत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेतली तपासणीच लागते.

तयार कपाची तपासणी होतेच, मग पावडरीची चौकशी कशाला, असे कोणी म्हणेल. पण ताकदीची खरी चाचणी नमुना तोडून होते. रुग्णाला बसवायचा कप तोडून पाहता येत नाही. त्याची खात्री पावडरीच्या नोंदीतूनच मिळते.

अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मधील मार्गदर्शक सूचनांत पावडरीच्या पुनर्वापराची माहिती उत्पादकांकडून अपेक्षिली आहे. भारतातही वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ नुसार उत्पादकांना गुणवत्तेच्या नोंदी ठेवाव्या लागतात. पण कारखान्याच्या कपाटातली नोंद रुग्णाच्या उपयोगाची नाही. पावडरीचा गट, वापराच्या फेऱ्या आणि शेवटच्या तपासणीतले ऑक्सिजनचे प्रमाण, एवढी माहिती कपाच्या बॅच क्रमांकाला जोडून रुग्णालयापर्यंत पोहोचायला हवी. खरेदी करताना रुग्णालयांनीच ती मागावी. पुढे एखाद्या बॅचमध्ये दोष आढळला, तर नेमक्या कोणत्या रुग्णांना बोलवायचे, हे त्याच कागदावरून कळेल.