सिस्टर, रुग्णाचा फोटो ग्रुपवर नको!

वडगाव रासाई आणि भीमेच्या दोन्ही काठांवरच्या शिरूर-दौंडमधल्या गावांतल्या सिस्टर, आशाताई, सरपंच, ग्रुप अ‍ॅडमिन आणि समस्त ग्रामस्थांना कळकळीची विनंती आहे. रुग्णाचा फोटो, रिपोर्ट किंवा आजाराचं नाव व्हॉट्सअ‍ॅप, फेसबुकवर टाकणं आजच थांबवा. पुढच्या शिबिराची वाट पाहू नका.

शहरात नाव झाकलं की रुग्ण गर्दीत मिसळून जातो. आपल्याकडं तसं होत नाही. ‘मळ्यातल्या वस्तीवरची पहिलटकरीण, रक्त सात ग्रॅम, पुण्याला पाठवली’ एवढं ग्रुपवर पडलं की संध्याकाळपर्यंत पारावर घर कोणतं ते ठरतं. चेहऱ्यावर फुलाचं चित्र चिकटवूनही भागत नाही, कारण साडी ओळखू येते, ओटा ओळखू येतो, दारातल्या गाडीचा नंबर वाचता येतो. उपकेंद्रात काढलेला एखादा फोटो बोटांनी मोठा करून बघा. पुढे सिस्टरच्या हातात लस, मांडीवर रडणारं बाळ. मागे टेबलावर रजिस्टर उघडं पडलेलं, त्यात नावं, वय, मोबाइल नंबर, कितवं बाळंतपण, सगळं. शेजारी कुणाचं तरी माता-बाल संरक्षण कार्ड, त्यावर लाल शाईत ‘अतिजोखीम’. फोटो काढणारीचं लक्ष बाळाकडं असतं. बघणाऱ्या प्रत्येकाचं तिकडंच असेल याची खात्री कोण देणार?

सगळ्यात जास्त जीव तुटतो तो टीबीच्या फोटोंनी. प्रधानमंत्री टीबीमुक्त भारत अभियान ९ सप्टेंबर २०२२ रोजी सुरू झालं. त्यात ‘निक्षय मित्र’ होऊन लोक रुग्णांना पोषण आहाराचं किट देऊ लागले. काम फार मोलाचं आहे. पण मग फोटो निघतो. देणारे मागे ओळीनं उभे, रुग्ण पुढे, हातात किट, आणि खाली मजकूर ‘क्षयरुग्णांना वाटप’. त्या रुग्णांत एखादी लग्नाची मुलगी असते. नेहमीच्या टीबीत सहा महिने औषध नीट घेतलं की ती बरी होते. फोटो मात्र फिरत राहतो आणि एक दिवस सोयरीक घेऊन येणाऱ्यांच्या मोबाइलवर पोचतो. ही भीती ज्याला बसली, तो पुढच्या वेळी खोकला अंगावर काढतो, तपासायला येतच नाही. दात्यांनो, किटचा फोटो काढा, तुमचा स्वतःचा काढा. रुग्णाला त्यात उभं करू नका.

यात सगळा दोष सिस्टरांच्या माथी मारणं अन्यायाचं आहे. गृहभेट झाली, फोटो टाका. शिबिर झालं, फोटो टाका, असे मेसेज वरून येतात. अधिकाऱ्यांना हात जोडून सांगणं आहे की कामाचा पुरावा रजिस्टरमध्ये आणि सरकारी अ‍ॅपवर घ्या. पन्नास-शंभर जणांच्या ग्रुपवर बाळंतिणीचा फोटो मागू नका.

कायदाही याच बाजूचा आहे. खासगीपण हा मूलभूत हक्क आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. एचआयव्ही रुग्णाची माहिती त्याच्या संमतीवाचून उघड करायला २०१७ च्या कायद्यानं मनाई आहे. गर्भपात केलेल्या बाईचं नाव डॉक्टरनं फोडणं, अत्याचारपीडित मुलीची ओळख पटेल असं काही प्रसिद्ध करणं, हे गुन्हे आहेत आणि त्यांना तुरुंगवास होऊ शकतो. राज्य शासनानं २८ जुलै २०२५ रोजी कर्मचाऱ्यांच्या समाजमाध्यम वापराबाबत निर्णय काढला. तो जिल्हा परिषदेच्या आणि करारावरच्या कर्मचाऱ्यांनाही लागू आहे. वैयक्तिक आणि कार्यालयीन खातं वेगळं ठेवा, गोपनीय कागद पुढे पाठवू नका, सरकारी इमारत वा गाडी दाखवून रील करू नका, असं त्यात आहे. शासकीय धोरणावर टीका करायलाही मनाई आहे. म्हणून औषधांचा तुटवडा असेल, रात्री वीज नसेल, तर सिस्टरनं वैद्यकीय अधिकाऱ्यांना लेखी कळवावं, आणि गावानं ग्रामसभेत जोरानं विचारावं. तिला बोलता येत नाही तिथं बोलणं आपलं काम आहे.

मोबाइल बंद करा, असं कुणीच म्हणत नाही. तोच मोबाइल घातही करतो आणि आधारही देतो. मार्च २०२० मध्ये पुण्यात राज्यातले पहिले कोरोना रुग्ण सापडले, तेव्हा त्यांची नावं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरली आणि त्यांच्या कुटुंबाला नाहक सोसावं लागलं. त्याच महिन्यात, २७ तारखेला, नायडू हॉस्पिटलच्या सिस्टर छाया जगताप यांना पंतप्रधानांचा फोन आला आणि ते बोलणं देशभर ऐकलं गेलं. घाबरलेल्या रुग्णांशी आपण बोलतो, त्यांना धीर देतो, असं त्यांनी सांगितलं. कुणाचं नाव न घेता लाखोंना आधार देता आला.

आपल्या सिस्टरांनाही हे जमतं. २०१८ च्या नोव्हेंबरात गोवर-रुबेलाची मोहीम सुरू झाली तेव्हा अफवांनी आईबापांना घाबरवलं होतं. अशा वेळी गावच्या सिस्टरचा ओळखीचा आवाज मिनिटभर ग्रुपवर ऐकू आला तर लोक विश्वास ठेवतात. उद्या लसीकरण किती वाजता, लस टोचल्यावर ताप आला तर काय करायचं, हे सांगा. उसात घोणस चावली तर मांत्रिकाकडं न जाता १०८ ला फोन करा, पाय बांधून आवळू नका, हे पुन्हा पुन्हा सांगा. तोडणीच्या टोळ्या आल्या की त्यांच्या मुकादमाच्या मोबाइलवरही हे पाठवा. मात्र कुणी ग्रुपवर स्वतःचा रिपोर्ट टाकून औषध विचारलं, तर तिथं उत्तर देऊ नका. ‘उपकेंद्रात या’ एवढंच लिहा.

ग्रामस्थांनो, तुम्हीही जपा. इंजेक्शन देणाऱ्या सिस्टरचा चोरून व्हिडिओ काढू नका, तिचा नंबर परस्पर वाटू नका, रात्री-अपरात्री नको ते मेसेज पाठवू नका. अमक्याला काय झालंय, हे तिला विचारू नका. ती सांगणार नाही, आणि तिनं सांगूही नये.

ग्रुप अ‍ॅडमिननी आज रात्री जेवणं झाली की ग्रुपमधले जुने फोटो खालपर्यंत बघावेत. रुग्ण दिसेल तो फोटो अ‍ॅडमिनला सगळ्यांसाठी काढून टाकता येतो. टाकणाऱ्याला फोन करून फेसबुकवरचाही काढायला सांगा. ज्यांनी तो स्वतःच्या मोबाइलमध्ये उतरवून घेतला असेल, त्यांनीही पुसावा. आणि ज्या घरचा फोटो होता तिथं उद्या सकाळी एकानं जाऊन ‘काढला’ म्हणून सांगावं.