मस्त की बकवास? थांबा जरा!

बालमित्रांनो, नवं गाणं ऐकलं की तुम्ही काय म्हणता? "मस्त!" नाहीतर "बकवास!" बरोबर ना? आपल्या रामदासपेठेतल्या लेंड्रा पार्कात संध्याकाळी जमणाऱ्या मुलांच्या गप्पा ऐका. एक म्हणतो, "तो अल्बम एकदम भारी!" दुसरा म्हणतो, "हट्, काही दम नाही त्यात." झाली चर्चा! पण भारी का, दम का नाही, असं विचारलं की दोघंही गप्प. आज आपण या 'का'ची गोष्ट करू या, आणि तीही इंडी रॉकच्या सोबतीनं.

इंडी म्हणजे 'इंडिपेंडंट', स्वतंत्र. चार-पाच जण एकत्र येतात, स्वतःच गाणी रचतात, स्वतःच वाजवतात. बहुतेक वेळा त्यांच्यामागे ना सिनेमा असतो, ना हिरो, ना मोठी जाहिरात. मग त्यांचं गाणं गावोगाव पोचतं कसं? एकाला आवडलं, त्यानं दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. म्हणजे पाहा, तुमचं मत इथे किती मोलाचं आहे! म्हणून ते विचार करून द्यायला हवं.

आता 'अल्बम' हा शब्द घ्या. फोटोंचा अल्बम असतो, मग गाण्यांचा कसा? पूर्वीच्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-चार मिनिटांचं संगीत मावायचं. मोठी रचना असली की पुष्कळ तबकड्या लागायच्या. मग त्या पुठ्ठ्याच्या पुस्तकात, एकेका पाकिटात घालून विकत. अगदी फोटोंच्या अल्बमसारख्या! १९४८ साली लाँग प्ले तबकडी आली आणि पुष्कळ गाणी एकाच तबकडीवर मावू लागली. पुस्तक गेलं, नाव मात्र राहिलं. अल्बम पुस्तकासारखाच ऐकावा, हे त्यातून आपण घेऊ. मधलंच एक पान वाचून कुणी पुस्तकाला नावं ठेवतं का?

चला, एक अल्बम उघडू या. १९९० साली दिल्लीत 'इंडियन ओशन' नावाचा बँड सुरू झाला. २००० साली त्यांचा 'कंदिसा' हा अल्बम आला. त्यातलं 'कंदिसा' हे गाणं केरळातल्या सिरियन ख्रिश्चन लोकांच्या जुन्या प्रार्थनेवरचं आहे. भाषा सिरियाक. कंदिसा म्हणजे पवित्र. मला त्यातला एक शब्दही कळत नव्हता, तरी ते आवडलं. का? कारण ते घाई करत नाही. देवळात शिरताना आपोआप पावलं हळू होतात, तसं सुरुवातीला वाटतं. मग हळूहळू आवाज चढत जातो.

त्याच अल्बममध्ये 'मा रेवा' आहे. रेवा म्हणजे नर्मदा. बँडमधले राहुल राम नर्मदा बचाव आंदोलनात होते. तिथल्या खोऱ्यातलं हे लोकगीत ते आपल्यासोबत घेऊन आले. हे कळल्यावर मी गाणं पुन्हा ऐकलं, तेव्हा त्यातला आनंद तर ऐकू आलाच, पण नदीची काळजीही ऐकू आली. गाणं तेच होतं, पण ऐकणारी बदलली होती. म्हणून सांगते, पहिल्या ऐकण्यावर निकाल देऊ नका.

या बँडनं आणखी एक गंमत केली. २०१० च्या जुलैपासून त्यांनी पुढच्या अल्बमची गाणी महिन्याला एक अशी इंटरनेटवर चक्क फुकट दिली. अल्बमचं नाव '१६/३३० खजूर रोड'. हा आहे दिल्लीच्या करोल बागेतल्या त्यांच्या सरावाच्या घराचा पत्ता! त्यांचे गायक आणि तबलावादक असीम चक्रवर्ती २००९ च्या डिसेंबरात गेले. त्यांचा आवाज या गाण्यांत आहे. महिनाभर एकच गाणं ऐकायचं आणि पुढच्याची वाट पाहायची, कल्पना करा! आपण तर अर्ध्या मिनिटात पुढचं लावतो.

आता एक न पटलेली गोष्टही सांगते. 'द लोकल ट्रेन' या बँडचा 'आलस का पेड' हा हिंदी रॉक अल्बम २०१५ साली आला. आळसाचं झाड! नावच किती गोड. गाण्याचे शब्द स्पष्ट कळतात, हे मला फार आवडलं. पण काही गाणी लागोपाठ ऐकली तर मला सारखीच वाटली. हे माझं मत. तुम्हाला ती वेगवेगळी वाटली तर बेधडक सांगा, फक्त कशी वेगळी तेही सांगा. 'मला आवडलं नाही' आणि 'ते वाईट आहे' ही दोन वेगळी वाक्यं आहेत, बरं का!

माझ्या वर्गात मी एकदा आवडत्या गाण्यावर चार ओळी लिहायला सांगितल्या. पुष्कळांनी 'छान आहे' लिहून वही मिटली. एकानं मात्र लिहिलं, "यातलं जाड गिटार वाजलं की माझ्या पोटात वाजते." वर्ग खो-खो हसला, तो बिचारा लाल झाला. पण त्यानंच नेमकं ऐकलं होतं! ते 'जाड गिटार' म्हणजे बास गिटार. तिच्या तारा जाड असतात, सूर खालचा असतो, म्हणून तो पोटात जाणवतो. कुणाच्या आवडीला हसलात, तर पुढच्या वेळी तो मनातलं सांगणारच नाही.

आई-बाबांनो, आता तुमच्यासाठी दोन शब्द. "हा काय गोंगाट लावला आहे?" असं म्हणण्याआधी आपली भजनातली पेटी आठवा. ती मूळची युरोपातली. १९४० साली ऑल इंडिया रेडिओनं तिच्यावर बंदी घातली, कारण आपल्या संगीताला ती शोभत नाही असं जाणकारांचं मत होतं. ही बंदी सैल व्हायला १९७१ साल उजाडलं. आज पेटीवाचून भजन सुनं वाटतं! मुंबईचा 'अभंग रिपोस्ट' हा बँड गिटार-ड्रमच्या साथीनं अभंग गातो. आवडो न आवडो, एकदा मुलांच्या शेजारी बसून ऐका आणि विचारा, "तुला यात काय आवडतं?" नाहीतर मूल कानात इअरफोन घालतं आणि त्याची आवड घरात कुणालाच कळत नाही.

या आठवड्याचा उद्योग
'इंडियन ओशन'चा 'तू है' हा अल्बम २०२३ साली आला आहे. तो आणि 'कंदिसा' असे दोन्ही पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐका. मधल्या काळात बँडमधले वादक बदलले आहेत. मग वहीत तीन उत्तरं लिहा:

१. कोणतं वाद्य सगळ्यात आधी ओळखू आलं?
२. कोणत्या गाण्याला कंटाळा आला, आणि नेमका कुठे?
३. दुसऱ्यांदा ऐकताना मत बदललं का?

'मस्त' आणि 'बकवास' हे दोन शब्द मात्र वापरायचे नाहीत. जमेल ना? नक्की जमेल!