सावेलिचचा वारस

रशियन कादंबऱ्यांतला प्रभाव आपण नायकांत शोधतो, पण तो खरा सापडतो नोकरांत. पुश्किनच्या ‘कॅप्टनची मुलगी’मधला (1836) म्हातारा सावेलिच फाशीच्या दोरापुढे धन्याऐवजी स्वतःचा जीव देऊ करतो. तोच पुढे बंडखोर पुगाचोवच्या हाती लुटलेल्या सामानाची यादी ठेवतो आणि त्यात धन्याने पुगाचोवलाच दिलेल्या सशाच्या कातड्याच्या कोटाचे 15 रूबलही लावतो! ही निष्ठा मुकी नाही. ती वाद घालते, हिशेब मागते. गोंचारोवच्या ‘ओब्लोमोव’मधला (1859) कुरकुऱ्या झाखार मला त्याचाच वारस वाटतो. तोही धन्याला उलट बोलतो आणि शेवटी भीक मागत फिरतो, पण धन्याच्या थडग्यापासून दूर जायला तयार होत नाही.

भूदास नोकर घरोघरी होतेच, मग उसनवारी कसली, असा आक्षेप कोणी घेईल. माणसे आयुष्यात भेटतात हे खरे; पण त्यांना धन्याशी भांडण्याचा हक्क कथेत कोणीतरी आधी मिळवून द्यावा लागतो. तो पुश्किनने दिला, आणि गोंचारोव तर पुश्किनला आपला गुरूच मानत असे. शिवाय झाखार म्हणजे सावेलिचची नक्कल नव्हे. सावेलिच धन्याला वाचवू शकतो. झाखार त्याच्याबरोबरच बुडतो.